राजा सुटला, रयत सुटली काय?

गेल्या वैशाखात कल्याण तालुक्यातील काळू नदीकाठच्या एका गावी आम्ही लग्नास गेलो होतो. घर आगरी शेतकऱ्याचे. मांडवाच्या एका अंगाला त्या घराण्याची धवलारीण, सत्तरी उलटलेली म्हातारी, आदल्या दिवशीच्या हळदीपासून धवले म्हणत बसली होती. दुसऱ्या अंगाला शहरातून ठरवून आणलेले गुरुजी कर्णा लावून बसले होते. मुहूर्त जवळ आला तसे गुरुजी म्हणाले, "त्या बाईंना आता थांबवा." घरधन्याने मान खाली घातली आणि म्हातारीला हाताला धरून मागल्या पडवीत नेऊन बसविले. जाता जाता ती एवढेच म्हणाली, "माझे तोंडान देव नाय काय?" कोणी उत्तर दिले नाही. आम्हीही दिले नाही, याची लाज आम्हांस अजून वाटते.

रात्री पंगती उठल्यावर घरधनी आमच्याजवळ येऊन बसला. पोराच्या लग्नात ठरल्यापेक्षा दुप्पट खर्च झाला होता आणि धाकट्या मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसेही त्यातच गेले होते. तो दबक्या आवाजात म्हणाला, "मास्तर, खरा सांगा. बामनाशिवाय लगीन लागला तं सरकार मानंल काय?"

या प्रश्नाला कायद्याचे उत्तर चार ओळींचे आहे. ते आम्ही पुढे देणारच आहोत. पण खरा प्रश्न कायद्याचा नाही. देवाच्या दारावर कोणीतरी पहारेकरी बसलेला आहे, त्याने किल्ली फिरविली तरच आपले लग्न लग्न ठरते आणि आपले मेलेले माणूस मार्गी लागते, ही ती भीती आहे. ही भीती एकट्या आगरी-कुणब्याच्या कपाळी आलेली नाही. ती मुकुट घातलेल्या राजांच्याही पोटात होती. काही राजांनी ती झुगारली. ती झुगारल्यावर त्यांच्या रयतेच्या पदरात काय पडले, हेच आम्हांस आज वाचकांपुढे मांडावयाचे आहे. कारण राजाची सुटका आणि रयतेची सुटका या दोन वस्तू एक नव्हेत. त्या एक समजल्यामुळेच आपण शंभर वर्षे फसत आलो आहोत.

ज्या इंग्रजांनी आमच्या मुलखावर दीडशे वर्षांच्या वर राज्य केले, त्यांचेच राजे पहा. त्या देशात आणि सबंध पश्चिम युरोपात ख्रिस्ती धर्माचा सर्वाधिकारी म्हणजे रोमचा पोप. इंग्लंडातून दर चुलीमागे एक पेनी रोमला जात असे. तिला पीटरचा पैसा म्हणत. पाद्र्याने गुन्हा केला तर त्याचा निवाडा पाद्र्यांच्याच कोर्टात व्हावयाचा, राजाच्या कोर्टात नव्हे. दुसऱ्या हेन्री राजाने ११६४ साली हा प्रघात मोडण्याचा घाट घातला, तेव्हा कँटरबरीचा मुख्य धर्माधिकारी टॉमस बेकेट आडवा आला. पुढे ११७० साली राजाच्या चार सरदारांनी बेकेटला देवळातच ठार केले. पोपने बेकेटला संत ठरविले आणि ११७४ साली हा बलाढ्य राजा अनवाणी पायांनी त्याच्या थडग्यापाशी गेला व त्याने आपल्या उघड्या पाठीवर साधूंच्या हातचे फटके खाल्ले.

त्याचा मुलगा जॉन. मुख्य धर्माधिकारी कोणाला नेमावे यावरून त्याचे आणि पोप तिसऱ्या इनोसंटचे बिनसले. पोपने १२०८ साली सबंध इंग्लंडातील देवळांची दारे बंद केली. सहा वर्षे घंटा वाजली नाही. मेलेल्यांना पवित्र भूमीत माती मिळेना. वाचकहो, भांडण कोणाचे आणि शिक्षा कोणाला? राजाने महाल सोडला नाही, पण नांगरधाऱ्याच्या बापाचे प्रेत मात्र कोठेतरी शेताच्या बांधाला पुरावे लागले. शेवटी १२१३ साली जॉनने हात टेकले. आपले राज्य पोपच्या चरणी वाहून दरसाल एक हजार मार्क खंडणी कबूल केली आणि तेच राज्य त्याचा मांडलिक म्हणून परत घेतले.

आता यापुढची मौज पहा. १२१५ साली सरदारांनी जॉनकडून एक सनद लिहून घेतली. राजाने कायद्याबाहेर कोणा स्वतंत्र माणसास कैद करू नये, असे तिच्यात कलम होते. तीच जगप्रसिद्ध मॅग्ना कार्टा. राजाने लगेच पोपकडे धाव घेतली आणि काही आठवड्यांतच पोपने ती सनद रद्दबातल ठरविली. काल एकमेकांचा गळा धरणारे हे दोघे आज एकमेकांच्या गळ्यात पडले, कारण आता खालचा माणूस काहीतरी मागू लागला होता. राजा आणि गुरू भांडतात ते वरच्या पाटावर कोण बसणार यासाठी. पंगतीत नवा मनुष्य येऊन बसू लागला की दोघेही मिळून त्याला उठवितात. हा धडा आमच्या लोकांनी गाठीला बांधून ठेवावा.

पुढे तीनशे वर्षांनी आठवा हेन्री आला. हा आधी पोपचा लाडका. १५२१ साली पोपनेच त्याला 'धर्मरक्षक' पदवी दिली होती. पण राणी कॅथरीनला मुलगा होईना. दुसरे लग्न करावे तर पहिले रद्द ठरले पाहिजे आणि ते पोपच्या हाती. पोप त्या वेळी राणीच्या भाच्याच्या, बादशहा पाचव्या चार्ल्सच्या, दाबाखाली. त्याने काडी मोडून देण्याचे नाकारले. तेव्हा हेन्रीने १५३४ साली पार्लमेंटाकडून कायदा करवून घेतला की, इंग्लंडच्या धर्मसंस्थेचा मुख्य स्वतः राजाच. पीटरचा पैसा बंद झाला. १५३६ ते १५४० या चार वर्षांत सुमारे आठशे मठ मोडून त्यांची मालमत्ता सरकारजमा करण्यात आली.

येथपर्यंत ऐकून आमचा एखादा तरुण सत्यशोधक टाळी वाजवील. थोडे थांबा. मठांच्या जमिनी कुळांना मिळाल्या काय? नाही. त्या बहुतेक सरदारांनी आणि पैसेवाल्यांनी विकत घेतल्या. मठाच्या दारी गरिबाला जो तुकडा मिळत असे, तोही गेला. १५३६ साली उत्तरेकडील लोक उठले, तर त्यांच्या पुढाऱ्यांना फाशी दिले. आणि सर्वांत मोठी गोष्ट पुढेच आहे. १५३९ साली इंग्रजी भाषेतील बायबल प्रत्येक देवळात ठेवण्यात आले होते. गरीब लोक त्याभोवती जमून वाचू लागले आणि वाचून आपसांत प्रश्न विचारू लागले. हे पाहून त्याच हेन्रीने १५४३ साली कायदा केला की, बायका, कारागीर, उमेदवार, रोजावर काम करणारे, शेतकरी आणि मजूर यांनी बायबल वाचू नये. सरदारांच्या घरच्या बायकांना मात्र एकांतात वाचण्याची मोकळीक!

वाचकांनो, ही यादी पुन्हा एकदा वाचा. बायका, कारागीर, शेतकरी, मजूर. तुम्हांला ती ओळखीची वाटत नाही काय? आमच्याकडे स्त्रीशूद्रांनी वेद ऐकू नये म्हणून सांगणारे शास्त्री होते, तिकडे तेच सांगणारा राजा निघाला. आणि तो कोणता राजा? ज्याने स्वतःच्या मानेवरचे पोपचे जू फेकून दिले होते तो! १५४७ साली हेन्री मेला तेव्हा त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत तो कायदा रद्द झाला खरा. परंतु आमच्या प्रश्नाचे उत्तर हेन्रीने स्वतःच देऊन ठेवले आहे. राजा सुटला म्हणून रयत सुटत नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, विलायतेच्या गोष्टी विलायतेत ठेवा. पण पोपचा आणि राजाचा तंटा आमच्या ठाण्याच्या अंगणातही होऊन गेला आहे. ज्या १५३४ साली हेन्रीने पोपला झिडकारले, त्याच साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना तहाने दिला. या मुलखातले पुष्कळ कोळी, कुणबी, आगरी ख्रिस्ती झाले. ठाण्याला आणि साष्टीच्या गावोगावी त्यांची देवळे उभी राहिली आणि त्यांची घरातली बोली आजही मराठीच आहे. या मुलखात पाद्री आणि धर्माधिकारी नेमण्याचा हक्क पोपनेच पूर्वी पोर्तुगालच्या राजाला देऊन ठेवला होता. पुढे राजाचे बळ ओसरले, मराठ्यांनी १७३७ साली ठाणे आणि १७३९ साली वसई घेतली, तरी तो हक्क राजा सोडीना. उलट पोप आपली वेगळी माणसे पाठवू लागला. शेजारच्या मुंबईत इंग्रजांनी १७२० साली पोर्तुगीज राजाच्या बाजूचे पाद्री घालवून पोपच्या बाजूचे आणले. १८३८ साली पोपने राजाचा हक्कच काढून घेतला, पण राजाच्या बाजूच्यांनी ते मानले नाही. एकाच धर्माची, एकाच जातीची, एकाच वाड्यातली माणसे दोन तटांत वाटली गेली आणि तुझा पाद्री खरा की माझा, यावर भांडत बसली. हा दुहेरी कारभार पुढे १९२८ साली मोडला. या साऱ्या काळात त्या कोळ्याला, त्या कुणब्याला कोणी एकदा तरी विचारले काय, की बाबा, तुला कोणता पाद्री हवा? मेंढरे कोणाची यावर धनगर भांडतात, तेव्हा मेंढरांचे मत घेण्याची चाल नाही.

आता आपल्या घरचे पाहू. रायगडावर ६ जून १६७४ रोजी शिवछत्रपती सिंहासनावर बसले. ज्याने आमचे कल्याण-भिवंडी १६५७ साली स्वराज्यात आणले, खाडीत आरमार उभारले आणि बादशहांना जेरीस आणले, त्याला राजा म्हणण्यास इकडचे शास्त्री तयार होईनात. काशीहून गागाभट्टांना आणावे लागले आणि वयाच्या पंचेचाळिशीच्या आत-बाहेर त्या पुरुषाला आधी मुंज करून घ्यावी लागली. तलवारीने मिळविलेले राज्य मंत्राने पुन्हा मिळवावे लागले. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या दरबारातही १८३० च्या सुमारास हाच वेदोक्ताचा वाद पेटला होता.

आणि मग कोल्हापूर. १८९९ सालच्या कार्तिकातली गोष्ट. शाहू छत्रपती पहाटे पंचगंगेवर स्नानास जात. मंत्र सांगणारा भट स्वतः अंघोळ न करताच येई आणि पुराणोक्त मंत्र म्हणे. हे महाराजांच्या नजरेस आणून देणारे राजारामशास्त्री भागवत हे स्वतः ब्राह्मणच होते. विचारल्यावर उत्तर मिळाले की, शूद्राला वेदमंत्र नाहीत, आणि पुराणातले मंत्र सांगावयास स्नानाची जरुरी नाही. ज्याच्या इनामावर हा भट जगत होता, त्या राजाची त्याच्या लेखी ही किंमत!

पुढचा इतिहास आमच्या जुन्या वाचकांच्या घरांतून सांगितला गेला आहे, म्हणून आम्ही तो थोडक्यात देतो. राजोपाध्यांनी राजवाड्यात वेदोक्त विधी करण्याचे नाकारले. केसरीने १९०१ साली या मागणीला खूळ ठरविले. महाराजांनी कमिटी नेमली. तिने छत्रपतींना वेदोक्ताचा अधिकार आहे असे सांगितले. तरीही राजोपाध्ये ऐकेनात, तेव्हा १९०२ च्या मे महिन्यात त्यांची वतने जप्त झाली. ते गव्हर्नरापासून व्हाइसरॉयपर्यंत गेले, पण कोठेही त्यांची डाळ शिजली नाही. संकेश्वर-करवीर मठाच्या शंकराचार्यांनी दरबारला न विचारता शिष्य नेमला म्हणून १९०३ साली मठाचे उत्पन्नही जप्त झाले. शेवटी १९०५ साली मठाच्या नव्या स्वामींनी छत्रपतींचा वेदोक्त अधिकार मान्य केला. पोपने जॉन राजाला नमविले ते देवळांची दारे लावून. शाहूंनी मठाला नमविले ते इनामाची दारे लावून. धर्माच्या वादात अंगारा कमी आणि सातबारा जास्त असतो, हे दोन्हीकडे सारखेच.

पण आम्ही या लेखाच्या आरंभी जी कसोटी लावली, ती आपल्या लाडक्या राजालाही लावली पाहिजे. नाहीतर आम्ही सत्यशोधक कसले? छत्रपतींना वेदोक्त मिळाले. त्याने भुदरगडच्या कुणब्याला काय मिळाले? तेल्याला, माळ्याला, कुंभाराला काय मिळाले? महाराला तर नदीच्या त्या घाटावर पाय ठेवण्याचीही मुभा नव्हती. छत्रपती क्षत्रिय ठरले, त्यांच्या मागोमाग शहाण्णव कुळींचे सरदार क्षत्रिय ठरू पाहत होते आणि बाकीची रयत जेथल्या तेथेच उभी. शाहूंनी तेवढ्यावरच थांबावयाचे ठरविले असते, तर ते आमच्यापुरते आठवे हेन्रीच ठरले असते.

ते थांबले नाहीत, आणि म्हणूनच आम्ही त्यांच्यापुढे हात जोडतो. वेदोक्ताचा वाद चालू असतानाच १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले आणि मागोमाग जातीजातीची, मुसलमानांची, अस्पृश्यांची वसतिगृहे उभी राहिली. १९०२ साली महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेस गेले होते. तोच मुकुट, ज्याच्याखाली हेन्रीने धर्माची सत्ता आणून ठेवली होती. महाराज तिकडे असतानाच २६ जुलै रोजी कोल्हापूरच्या गॅझेटात हुकूम निघाला की, दरबारच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना द्याव्यात. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. १९१८ साली कुलकर्णी वतने गेली. १९१९ साली शाळा-दवाखान्यांत शिवाशिव पाळण्यास बंदी झाली. हेन्रीने कारागिराच्या हातून पुस्तक काढून घेतले, शाहूंनी ते त्याच्या हातात दिले. या दोन राजांत फरक आहे तो एवढाच, पण सर्व काही त्यातच आले.

१९२० साली महाराजांनी पाटगावच्या मौनी महाराजांच्या गादीवर सदाशिवराव पाटील बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू म्हणून बसविले आणि बहुजनांतून पुरोहित तयार करण्यासाठी वैदिक शाळा काढली. हेतू चांगला होता. ब्राह्मण पुरोहितावाचून कोणाचे अडू नये, एवढाच त्यांचा भाव. पण त्या वेळीही सत्यशोधकांतील काहींना हे रुचले नव्हते आणि आम्ही त्यांच्याच बाजूचे आहोत. देव आणि भक्त यांच्यामध्ये दलाल नको, असे जोतीरावांनी १८७३ साली सांगितले. मग जुन्या दलालाच्या जागी आपल्या जातीचा दलाल बसवून काय साधले? जू तेच, बैलाच्या मानेवरचा घट्टाही तोच. सुतार तेवढा बदलला.

रयतेची खरी सुटका राजवाड्यात झाली नाही. ती गावच्या मांडवात आणि कौन्सिलाच्या सभेत झाली. आमच्या वाचकांपैकी किती जणांना 'जोशी वतन' हा शब्द ठाऊक आहे? पूर्वी गावच्या जोश्याचा हक्क वंशपरंपरेचा असे. तुम्ही त्याला बोलवा वा न बोलवा, लग्न लागले की त्याची दक्षिणा त्याला दिलीच पाहिजे. न दिली तर तो दिवाणी कोर्टात दावा लावी आणि दावा वसूलही होई. हाच आमचा पीटरचा पैसा! पुण्यात १८७३ च्या डिसेंबरात सत्यशोधक पद्धतीचे पहिले लग्न लागले. पुढे जुन्नर तालुक्यातील ओतूरसारख्या गावी शेतकऱ्यांनी भटाशिवाय लग्ने लावली, तेव्हा त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. ते शेतकरी राजे नव्हते. त्यांच्याजवळ जप्त करावयाला कोणाचे इनाम नव्हते. दाव्याचा खर्च आणि गावचा बहिष्कार सोसून ते उभे राहिले. शेवटी मुंबईच्या कौन्सिलात भंडारी समाजाचे पुढारी सीताराम केशव बोले यांनी बिल आणले आणि १९२६ साली कायदा झाला की, न बोलावलेल्या पुरोहिताला दक्षिणेचा हक्क नाही. इंग्लंडातला पीटरचा पैसा राजाच्या लहरीने बंद झाला. आमचा बंद झाला तो नांगर धरणाऱ्यांच्या चिवटपणाने. सबब याचे मोल आम्हांस अधिक वाटते.

आता त्या घरधन्याचे उत्तर. १९५५ सालच्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलम असे आहे की, वधू अथवा वर यांपैकी कोणाही एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाले म्हणजे विवाह झाला. सप्तपदी ज्यांच्या रूढीत असेल त्यांनाच ती लागू. विधी झाले पाहिजेत हे खरे, पण ते अमक्याच जातीच्या माणसाने सांगितले पाहिजेत, असे त्या कलमात एक अक्षरही नाही. लग्नाची नोंद गावात ग्रामपंचायतीत आणि शहरात महापालिकेच्या कचेरीत होते. तेव्हा बाबा रे, ज्या धवलारणीला तू हाताला धरून पडवीत नेलेस, तिच्या तोंडून लागलेले लग्न सरकार मानते. तुझ्या आजीचे लग्न कोणी लावले होते, ते घरी विचार. ठाणे-रायगडच्या आगरी-कोळ्यांच्या कित्येक घरांत मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंतचा प्रत्येक विधी धवलारणीच्या गाण्यावर होत असे. राजाला जे काशीहून आणावे लागले, ते तुझ्या गावात चुलीशेजारी बसलेले होते, आणि तेही बाईच्या मुखात! स्त्रीशूद्राला मंत्र नाही म्हणणाऱ्यांना याहून सडेतोड उत्तर कोणते?

आमचे भांडण कोणा जातीशी नाही. महाराजांना जागे करणारे भागवत ब्राह्मण होते आणि राजवाड्यात वेदोक्त कर्मे चालविण्यास पुढे आलेले नारायणशास्त्री सेवेकरीही ब्राह्मणच होते. ज्याला श्रद्धेने पुरोहित बोलवावयाचा असेल त्याने बोलवावा, दक्षिणा द्यावी. आमचे म्हणणे इतकेच की भीतीने बोलवू नये आणि कर्ज काढून तर मुळीच नाही. आणि दोष सगळा भिक्षुकाच्या माथी मारून आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. त्या मांडवात गुरुजींची दक्षिणा किती आणि हळदीच्या रात्रीच्या ध्वनिवर्धकाचे, मटणाचे, दारूचे बिल किती, हे घरधन्याने आम्हांस सांगितले, तेव्हा दक्षिणा त्यापुढे तीळभर ठरली. रस्त्याला, रुळाला, इमारतीला जमीन गेली, मोबदला आला आणि मांडवातून वाहून गेला. भटाच्या जागी आता मोठेपणाचा देव आला आहे आणि त्याचा पुजारी आमच्याच भावकीत बसलेला आहे. शिवाय ज्यांनी भटाला घराबाहेर काढले, त्यांतील कित्येकांच्या दिवाणखान्यात आज आपल्याच जातीचा बुवा गालिच्यावर पाय पसरून बसतो. अघोरी प्रथांविरुद्ध २०१३ साली महाराष्ट्रात कायदा झाला, पण बुवाच्या पायांवर डोके ठेवणाऱ्याचे डोके कायदा कोठवर उचलणार?

तुळशीची लग्ने लागली की मांडव पुन्हा पडू लागतील. ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी या टापूतील आमच्या शेतकरी आणि कारागीर बांधवांना आमची तीन मागणी आहेत. पहिले, मांडवात धवलारणीला मधोमध पाट द्या. पुरोहित बोलावलात तरी तिला उठवू नका आणि तिला साडीचोळीबरोबर गुरुजींइतकीच दक्षिणा द्या. दुसरे, ज्या घरात शाळकरी मूल आहे, त्या घरच्या म्हातारीचे धवले त्या मुलाकडून वहीत उतरवून घ्या. जे वहीत नाही ते एका मरणाबरोबर जाते. तिसरे, लग्नाचा खर्च मांडण्याआधी पोरीच्या शिक्षणाचा खर्च कागदावर मांडा आणि तेवढे पैसे मांडवाला शिवू देऊ नका.

आम्ही त्या गावी जूनमध्ये पुन्हा गेलो. घरधन्याला कायद्याचे कलम वाचून दाखविले. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला की, धाकटीची फी पुढल्या वर्षी तरी भरीन. त्या मुलीचे एक वर्ष गेले ते गेलेच. ते आम्हांस, घरधन्याला आणि त्या दिवशी मांडवात बसलेल्या आम्हां सगळ्यांना भरून देता येणार नाही. ती मुलगी मात्र आजीजवळ पडवीत वही घेऊन बसली होती. म्हातारी एकेक ओळ सांगत होती, पोरगी लिहीत होती आणि शब्द चुकला की म्हातारी तिला रागावत होती.